मार्गोची सुट्टी

देलमासचं घर समुद्राकडे पाठ करून उभं आहे. न्यूझीलंडच्या बँक्स पेनिन्सुलावर माणसं येतात ती समुद्र बघायला. खिडकीच्या कोपऱ्यातून पाण्याची एवढीशी फीत दिसली तरी घरमालक भाडं चढवून सांगतात. आणि या फ्रेंच माणसाने, हातात पैसा असताना, टेकडीच्या उतारावर दुमजली घर बांधलं आणि त्याचं तोंड वळवलं खालच्या ओढ्याकडे, काजळी धरलेल्या लोहारशाळेकडे. शनिवारी येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, “घर उलटं का बांधलं हो?”

घर सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या माहितीपत्रकात त्याचं उत्तर आहे: दक्षिणेच्या गार वाऱ्याला आडोसा म्हणून. शकुताई पोवार ते उत्तर सांगायच्या आणि मग आपलं एक जोडायच्या. “माझ्या वडिलांची कॉटसुद्धा शेडच्या खिडकीला लावलेली असायची. भट्टीच्या मालकाला कूस बदलताना भट्टी दिसावी लागते. हे आपलं माझं मत. पत्रकात नाही.”

पाहुणे हसायचे. पत्रकात नसलेल्या गोष्टी ऐकायलाच तर लोक गाइड घेतात.

शकुताई कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या. वडिलांची, म्हणजे आप्पांची, ओतकामाची आणि घणकामाची छोटी शेड होती. लग्न होऊन रणजित पोवारांबरोबर त्या न्यूझीलंडला आल्या. रणजितराव पाण्याच्या पाइपलाइनचे इंजिनिअर, बोलायला मऊ आणि कुठल्याही रांगेत दोन माणसांना पुढे जाऊ देणारे. ख्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये घर घेतलं, मुलगी सुखदा इथेच जन्मली, वाढली आणि नोकरीला पोरिरुआला गेली. शकुताई आठवडाभर एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असत. भूकंपानंतर देलमासचं घर सावरून लोकांसाठी उघडलं, ट्रस्टने गाइड म्हणून स्वयंसेवक मागितले, तेव्हा त्या सहज बघायला गेल्या. लोहारशाळेच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि नाकात तो वास शिरला. जुनं ग्रीस, ओला कोळसा, गंजलं लोखंड. त्या दिवशी त्यांनी घर बघितलंच नाही. तेव्हापासून शनिवार म्हणजे देलमास, हे ठरून गेलं.

आणि सांगायच्या तरी किती छान! आधी या खोऱ्यात कोण राहत होतं, कोणाच्या होड्या या किनाऱ्याला लागत होत्या, ते “किया ओरा” असा माओरी नमस्कार करून सांगायचं, आणि मग देलमासला बोटीतून उतरवायचं.

ऑगुस्त देलमास लोरेन प्रांतातला लोखंडाचा कारखानदार. १८७१ साली फ्रान्स लढाई हरला आणि त्याचं गाव भट्टीसकट जर्मनांकडे गेलं. लोकांना सांगण्यात आलं, फ्रेंच राहायचं असेल तर गाव सोडा. देलमासने गाव सोडलं, पण घण सोडला नाही. पाण्याच्या चाकावर चालणारा तो अजस्र घण त्याने सुटा केला. डोक्याएवढं नव्हे, बैलाएवढं त्याचं लोखंडी तोंड, ओक लाकडाचा जाडजूड दांडा, चाकाचा आस. सगळं गवतात गुंडाळून बोटीवर चढवलं. “जर्मनांना मिळाली रिकामी शेड!” इथे शकुताईंचा आवाज असा काही चढायचा, की जणू त्याच रात्री त्यांनी खोके उचलू लागायला मदत केली होती.

इथे कुणी तरी फ्रेंच बोलतं, एवढं ऐकून तो या किनाऱ्याला लागला. फ्रेंच बोलणारे फारसे उरले नव्हते, पण ओढा होता, लाकूडतोडीचा उरलासुरला माल कोळशाला मिळत होता आणि फुटक्या बोटींचं भंगार स्वस्त होतं. त्यातून त्याने बैलांच्या साखळ्या, नांगराचे फाळ, तीन पायांची बिडाची भांडी आणि व्हरांड्याच्या नक्षीदार जाळ्या काढल्या. दहा वर्षांनी घर बांधलं, बाजूला कामगारांच्या खोल्या. बायको क्लेमाँस हिने अक्रोडाची झाडं लावली आणि समुद्राकडे एक तरी खिडकी ठेवा म्हणून हट्ट धरला. नवऱ्याने ठेवली, ती कोठीच्या खोलीत. पिठाच्या पिंपाशेजारी. “ती तिथे खुर्ची टाकून बसायची,” शकुताई सांगत, आणि पाहुण्यांतल्या बायका त्या हातभर खिडकीतून एकेक करून समुद्र बघत.

पुढची पिढी मेंढ्यांकडे वळली. लोहारशाळेत गवताच्या गंज्या रचल्या गेल्या, घराची खानावळ झाली, मग बागेतल्या मजुरांचा मुक्काम झाला, मग कबुतरांचा. भूकंपात धुराडी कोसळली. तेव्हा कुठे लोकांना आठवलं, की आपल्याकडे अशी वास्तू आहे.

घण मात्र टिकला होता. पूर्वीचे कामगार त्याला मार्गो म्हणत, म्हणून सगळेच मार्गो म्हणत, आणि म्हणून घण असूनही ती ‘ती’ होती. तिला चालवायचा डेस. घोड्यांना नाल मारण्यात हयात घालवलेला, आता निवृत्त झालेला, दाढीत कायम बिस्किटाचा चुरा असलेला माणूस. ओढ्याच्या पाटाची फळी वर उचलली की पाणी चाकावर पडे, चाक फिरे, आणि मार्गो उठून ऐरणीवर अशी बसे, की घरातल्या कपाटातल्या बशा किणकिणत.

लोहारशाळेला दार एकच. खिडक्यांना देलमासच्या हातचे गज. दाराला देलमासचंच ओतलेलं कुलूप आणि त्याची वितीएवढी किल्ली. दुसरी एक किल्ली होती, ती आधीच्या गाइडने व्हाइटबेट मासे पकडताना नदीत घालवली. उरलेली शकुताईंच्या पर्समध्ये असे, रणजितरावांच्या जुन्या रुमालात गुंडाळून.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरहून मधूचा फोन आला. मधू म्हणजे शकुताईंचा धाकटा भाऊ. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेड तोच कशीबशी चालवत होता.

“ताई, शेड दिली बघ. मोबाइलच्या शोरूमवाल्यानं घेतली. मशिनं भंगारात गेली.”

“घणपण?”

“घण काय डोक्यावर घेऊन फिरू? आता खंडेनवमीला पूजा कशाची करायची सांग. मिक्सरची?”

तो हसला. उद्यमनगरातली खंडेनवमी शकुताईंच्या कानात होती, कानातच; कारण त्या दिवशी आवाज नसायचा. वर्षभर ठाणठाण करणारी सगळी गल्ली गप्प. मशिनं पुसून, तेल लावून, झेंडूची माळ घालून ठेवलेली. हत्यारांना हळदकुंकू. त्या दिवशी कोणी पान्हासुद्धा हातात धरायचा नाही. आप्पा कामगारांबरोबर खाली मांडी घालून जेवायला बसायचे, वर्षातून तेवढ्याच दिवशी. “आज त्याचा दिवस,” घणाकडे बघून म्हणायचे. “वर्षभर आपण त्याच्या घावांवर जेवतो, एक दिवस तरी त्याला कुणी हात लावायचा नाही.”

“मधू,” शकुताई शेवटी म्हणाल्या, “माझ्याकडे आहे एक घण.”

खंडेनवमी त्या वर्षी नेमकी लेबर डेच्या सोमवारी आली होती. लेबर डे म्हणजे आठ तासांच्या कामासाठी झगडलेल्या मजुरांच्या नावाची सुट्टी, आणि देलमासच्या घरी वर्षातली सगळ्यांत मोठी गर्दी. त्या दिवशी मार्गो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायची.

शकुताई सकाळीच पोचल्या. झेंडू इथे ऑक्टोबरात, म्हणजे वसंतात, फुलत नाही, म्हणून नर्सरीतून कुंड्यांतली रोपं आणून त्यांची फुलं खुडली होती. नारळ रिकार्टनच्या दुकानातला. त्यांनी मार्गोचं तोंड पुसलं, हळद कालवून लावली, कुंकू लावलं, ऐरणीवर नारळ फोडला. घरी नवं मशीन आलं की आई लावायची तशी, ओकच्या दांड्यावर हळदीच्या हाताची पाच बोटं उमटवली. मग हात जोडले. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि पायरीवर डबा उघडून बसल्या.

डेस आला. “मॉर्निंग, शॅक्स. उघड ना.”

“आज नाही. आज तिला सुट्टी.”

“कुणाला?”

“मार्गोला. आमच्याकडे या दिवशी हत्याराला काम सांगत नाहीत.”

डेसने दाराकडे बघितलं, शकुताईंकडे बघितलं, डब्यातल्या नारळाच्या वडीकडे बघितलं. मग त्याने गळ्यातला कातडी एप्रन काढून घडी घातली. “स्वीट अ‍ॅज,” म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल की’, म्हणाला आणि शेजारी बसून वडी उचलली. “पन्नास वर्षं नाल मारले. मला कुणी फूल वाहिलं नाही कधी.”

दहा वाजता गाड्या यायला लागल्या. अकराला फिलिपा आली. फिलिपा ट्रस्टची अध्यक्ष, पूर्वाश्रमीची वकील. हे घर कबुतरांच्या तावडीतून सुटलं ते तिच्या चिकाटीमुळे, हे शकुताईंनी कधी नाकारलं नाही.

“शकु, लोक थांबलेत. आज लेबर डे आहे!”

“हो ना. म्हणून तर.”

“हे बघ, तुझ्या भावनांचा मला आदर आहे...”

“भावना नाहीत फिलिपा. सुट्टी आहे.”

पाहुण्यांच्या देखत भांडण नको म्हणून फिलिपा ओठ घट्ट मिटून परत गेली. त्या दिवशी लोकांनी घर बघितलं, अक्रोडाखाली केक खाल्ला आणि लोहारशाळेच्या खिडकीच्या गजांतून आत डोकावून फुलं घातलेल्या मार्गोचे फोटो काढले. आवाज कुणालाच ऐकू आला नाही. शकुताईंना मात्र तो न आलेला आवाज दिवसभर ऐकू येत होता, आणि त्यांना बरं वाटत होतं.

चूक उघडी पडली शनिवारी. कुलूप उघडून आत गेल्या आणि ऐरणीपाशी वाकल्या. उद्यमनगरात पूजेनंतर दुसऱ्या दिवशी मशीन चालू होतं, तेल-वंगणात सगळं पुसून जातं. इथे मार्गो पाच दिवस तशीच उभी होती. नारळाचं पाणी ऐरणीवर सुकून गंजाचं कडं उमटलं होतं. मार्गोच्या तोंडावरचं जपणुकीचं मेण कालवलेल्या हळदीने खाल्लं होतं. आणि ओकच्या दांड्यावर, जर्मनांच्या हाती न लागलेल्या त्या दांड्यावर, पाच बोटं पिवळीधमक मुरली होती.

शकुताईंनी स्वतःच फिलिपाला फोन केला. लपवाछपवीचा त्यांचा स्वभाव नव्हता. गंज निघाला, मेण नवं चढलं. तज्ज्ञ बाई दोन दिवस येऊन ते करून गेल्या. दांड्यावरची बोटं मात्र निघणार नाहीत, म्हणाल्या. ट्रस्टने लगेच नवा नियम केला: तज्ज्ञ वास्तुविशारदाने पाहून लेखी संमती दिल्याशिवाय देलमासच्या कुठल्याही मूळ लोखंडी वस्तूला कुणी काही लावायचं नाही, घासायचं नाही, नवा भाग बसवायचा नाही. आणि शकुताईंना निरोप आला: स्वयंसेवकांच्या बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागावी आणि लोहारशाळेची किल्ली जमा करावी. घराची गाइड म्हणून त्यांनी खुशाल राहावं.

“मग माग की माफी,” रणजितराव म्हणाले. “एक शब्द तर आहे. इथे लोक दार उघडताना पण सॉरी म्हणतात.”

“डागाची मागेन. पूजेची नाही.”

“अगं, ते दोन वेगळे कसे काढणार?”

“हळदीनं काढले ना वेगळे? मेण गेलं, बोटं राहिली.”

सुखदाने पोरिरुआहून व्हिडिओ कॉल लावला. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची इंग्रजीत. “आई, जस्ट से सॉरी. इट्स अ म्युझियम. तू व्हॉलंटियर आहेस, दे डोन्ट ओ यू एनीथिंग.”

“मलाही त्यांच्याकडून काही नको, बाळ. किल्ली नको, सर्टिफिकेट नको. त्या बाईला वर्षातून एक दिवस बसू द्या, एवढंच.”

“व्हिच बाई?”

“मार्गो.”

मग सुखदा म्हणाली, “बाबा, इज शी ओके?”

बैठकीच्या आदल्या दिवशी फिलिपा स्वतः रिकार्टनला आली. शकुताईंनी चहा टाकला, चिवडा पुढे ठेवला. फिलिपाचा चेहरा उजळलेला होता. काही तरी हाती लागल्यासारखा.

“शकु, लोहारशाळेत मार्गोच्या वर भिंतीत एक कोनाडा आहे. आपण म्हणायचो दिव्यासाठी आहे. मी फ्रान्समधल्या लोहारशाळांबद्दल वाचतेय. लोहारांचा एक संत असतो, सेंट एलुआ. एक डिसेंबरला त्याचा सण. त्या दिवशी भट्ट्या बंद! तो कोनाडा त्याच्या मूर्तीचा असू शकतो. म्हणजे देलमासही वर्षातून एक दिवस घण थांबवत असेल. तुझं म्हणणं बरोबरच होतं!”

शकुताईंच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं त्या रिकाम्या कोनाड्याखाली उभ्या राहून त्यांनी लोकांना दिव्याची गोष्ट सांगितली होती.

“मग आपण असं करू,” फिलिपा पुढे सरकली. “सुट्टी एक डिसेंबरला. सेंट एलुआच्या नावाने. इतिहासात बसते, लोकांना आवडेल, तू त्या दिवशी तुझी फुलं ठेव, सुकी. लेबर डेला मार्गो चालू दे. माफीबिफी विसरून जाऊ. किल्ली तुझ्याकडेच.”

स्वयंपाकघराच्या दारात उभे असलेले रणजितराव मान डोलावून डोलावून बायकोला खुणावत होते. घे. घे. मिळतंय ते घे.

मोह झाला नाही असं नाही. शकुताईंनी कपात चमचा फिरवला, साखर कधीच विरघळली होती तरी फिरवला. किल्ली राहत होती, पूजा राहत होती. जाणार होती फक्त तारीख. आणि नाव.

“फिलिपा, संताला त्याचा दिवस जरूर दे,” त्या म्हणाल्या. “मूर्ती कर, मी पहिलं फूल वाहीन. त्या दिवशीही मी कुलूप उघडणार नाही. पण माझी नवमी त्याच्या नावावर नाही मागणार. उद्या कुणी म्हणालं, हा कोनाडा दिव्याचाच होता, तर? माझी सुट्टी गेली? देलमासने थांबवला असेल तरच मी थांबवायचा, आणि नसेल थांबवला तर चूक माझी, हे कसं चालेल? त्याचा घण आहे, मान्य. पण आता तिची देखभाल आपण करतो. तू, मी, डेस.”

“तू वाटाघाट करायला तयारच नाहीस.”

“केली ना. तुला दोन सुट्ट्या दिल्या.”

फिलिपाने कप खाली ठेवला. चिवडा तसाच राहिला.

ती गेल्यावर रणजितराव धपकन खुर्चीत बसले. “सोन्यासारखी संधी होती, शकु.”

“व्हती की,” शकुताई म्हणाल्या. राग आला की त्या कोल्हापूरला जाऊन यायच्या. “आप्पांनी कामगारांबरोबर जेवताना कुणाची परवानगी काढली न्हाई. म्या बी काढनार न्हाई.”

बैठक देलमासच्या जेवणघरात होती, अक्रोडाच्या लांब टेबलाभोवती. रणजितराव आत आलेच नाहीत. बाहेर गाडी चालू ठेवून बसले, जणू आत बँकेवर दरोडा पडणार होता. स्वयंसेवक खुर्च्या भरून बसले होते. डेस टोकाला, बिस्किट बुडवत.

फिलिपाने मोजक्या शब्दांत झालेलं सांगितलं. खोटं काहीच सांगितलं नाही. मग शकुताईंकडे बघितलं.

शकुताई उभ्या राहिल्या. “डाग माझ्यामुळे पडले. ओली हळद लावायला नको होती, नारळ ऐरणीवर फोडायला नको होता. चुकलं. त्याची मी तुम्हा सगळ्यांची माफी मागते, मनापासून.” मग फिलिपाकडे वळल्या. “पूजा केली त्याची मागणार नाही. तिला त्या दिवशी चालवली नाही, त्याचीही नाही. पुढच्या वर्षी पण चालवणार नाही. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे गर्दीला आधी कळवता येईल.”

खुर्च्या कुरकुरल्या.

“मग किल्ली जमा करावी लागेल, शकु,” फिलिपा म्हणाली.

“नाही देणार.”

“ती ट्रस्टची मालमत्ता आहे.”

“आहेच. मी दर शनिवारी दहा वाजता ट्रस्टसाठीच दार उघडते. पुढेही उघडीन. आजारी असले तरी हे येऊन उघडतील. वर्षातून एक दिवस नाही उघडणार. नसेल पटत, तर कुलूप बदला.”

टेबलाच्या टोकाकडून एक विचित्र आवाज आला. डेसच्या नाकात चहा गेला होता.

“पिप,” तो दाढी पुसत फिलिपाला म्हणाला, “कुलूप देलमासचं आहे. मूळ लोखंड. नवा भाग बसवायचा नाही, तुझाच नियम. नवी किल्लीसुद्धा घालता येणार नाही त्यात, विशारद बघून जाईपर्यंत.”

“विशारद कधी येणार?” कुणी तरी विचारलं.

“हिवाळ्यात, जूनमध्ये,” फिलिपा म्हणाली, आणि समोरचे कागद उगाच नीट केले.

बैठक तिथेच संपली. शकुताई बाहेर आल्या तेव्हा रणजितरावांनी आधी त्यांच्या हाताकडे बघितलं, मग पर्सकडे, आणि मुकाट्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

पुढचे महिने काही सोपे गेले नाहीत. दोघी-तिघी स्वयंसेविका शकुताईंशी बोलेनाशा झाल्या. “हट्टी बाई” हा शब्द चहाच्या खोलीत त्यांच्या पाठीमागे राहायचा आणि त्या वळल्या की विरून जायचा. फिलिपा हवामानाबद्दल बोलायची, तेवढंच. एक डिसेंबरला कोनाड्यात लाकडी संत बसला. शकुताईंनी वचन दिल्याप्रमाणे पहिलं फूल वाहिलं आणि कुलूप लावून टाकलं. बाकी प्रत्येक शनिवारी, गारा पडोत नाही तर रस्त्यावर दरड येवो, दहाच्या ठोक्याला लोहारशाळेचं दार उघडं असायचं. पाहुणे मार्गोच्या दांड्यावरच्या पिवळ्या बोटांबद्दल विचारायचे. “माझी आहेत,” शकुताई सांगायच्या. “चुकीची हळद, बरोबर दिवस.”

हिवाळ्यात विशारद आला, कुलूप बघितलं, खुशाल नवी किल्ली करा म्हणाला. किल्ली कोण करणार? खोऱ्यात लोहार एकच. डेसने ती केली. शकुताईंना येऊन सांगितलं तेव्हा तो बुटांकडे बघत होता.

“मला सांगितलं, मी केली, शॅक्स. काम काम असतं.”

“चांगली केलीस का?”

“झकास झालीय. लोण्यासारखी फिरते.”

“मग झालं. वाईट केली असतीस तर बोलले असते.”

पण घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. आता फिलिपाकडे स्वतःची किल्ली होती, आणि खंडेनवमी या वर्षी शनिवारी येत होती.

आदल्या संध्याकाळी त्यांनी ताट भरलं: सुकी हळद, कुंकू, खाली अंथरायला मेणकागद, फुलं, नारळ.

“तिने दार उघडलं असेल आणि डेसला उभं केलं असेल तर?” रणजितरावांनी विचारलं.

“तर मी पाटाच्या फळीवर जाऊन बसेन. पाणी सुटल्याशिवाय चाक फिरत नाही.”

“भिजशील. ऑक्टोबरचं पाणी बर्फासारखं असतं.”

“भिजेन.”

रणजितराव उठून आत गेले. सकाळी शकुताईंनी गाडीची डिकी उघडली तर आत दोन मोठे टॉवेल, थर्मास, लोकरीचे मोजे आणि एक नव्हे, दोघांच्या कपड्यांचे दोन जोड घडी करून ठेवलेले होते. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

“फळी रुंद आहे,” ते म्हणाले. “दोघं बसतील.”

फाटकाशी पोचल्या तेव्हा तिथे एक पाटी उभी होती. खडूने, फिलिपाच्या सरळ अक्षरात लिहिलेलं: आज घण चालणार नाही. बस एवढंच. संताचं नाव नाही, देवीचं नाही, क्षमस्वही नाही.

फिलिपा लोहारशाळेच्या पायरीवर बसली होती. नवी किल्ली तिच्या मांडीवर होती, चकचकीत. दार बंद होतं.

“माझ्याकडे आता माझी आहे,” ती म्हणाली.

“दिसली.”

“लावून बघितली नाही अजून. आज तरी.”

“पाटीवर कारण लिहिलं नाहीस.”

“पाटीवर मावेल असं कारण तू कधी दिलंस?” फिलिपा उठली, बाजूला झाली आणि जाता जाता म्हणाली, “कोरडी हळद, शकु.”

“कोरडीच आहे.”

जुन्या किल्लीने कुलूप उघडलं. नारळ बाहेर अक्रोडाखालच्या दगडावर फुटला. मेणकागदावर हळदकुंकू, मार्गोसमोर फुलं. दांड्यावरची पाच बोटं होती तशीच होती; शकुताईंनी त्यांवर पुन्हा हात ठेवला नाही. एकदा लावलेली पुरे होती. डेस एप्रन न घालता आला, सरळ डब्याकडे गेला. रणजितराव डिकीतला टॉवेल पायरीवर अंथरून त्यावर बसले.

अकराच्या सुमाराला एक गृहस्थ कॅमेरा गळ्यात अडकवून टेकडी उतरत आले. बंद चाक बघितलं, गप्प घण बघितला, चेहरा पडला.

“आम्ही दीड तास गाडी चालवून आलोय हो.”

“मग दमला असाल,” शकुताई पायरीवर जागा करत म्हणाल्या. “बसा. तीपण बसलीय.”